थूल साहेबांची चौथी शर्त

लग्नात नवरदेवाला घाम फुटतो तो उन्हामुळे, असं ज्याला वाटत असेल त्यानं आमच्या थूल साहेबांनी लावलेलं लग्न पाहिलेलं नाही. मी पाहिलेत. एक-दोन नाही, मोप पाहिलेत. माझा धंदा साउंडचा. लग्न असो, जयंती असो, कोणाची तेरवी असो, माइक आपला आणि बॉक्सही आपलेच. सिंदी मेघेपासून पार समुद्रपूरपर्यंत बौद्ध समाजात लग्न निघालं की विधी लावायला थूल साहेब आणि माइक लावायला मी, अशी आमची जोडी ठरलेली होती. साहेब आता नाहीत. पण अजूनही मांडवात मी "हॅलो, चेक" म्हटलं की मागून आवाज येईल असं वाटतं, "बंडू, चेक झालं का नाही, ते एकदाचं स्पष्ट कर."

साहेब म्हणजे काही मोठे साहेब नव्हते. बांधकाम खात्यात निविदा शाखेत लिपिक म्हणून लागले आणि तिथूनच वरिष्ठ लिपिक होऊन निवृत्त झाले. रस्ते बांधणारे बांधत, पूल पाडणारे पाडत, साहेब मात्र जन्मभर एकच गोष्ट टाइप करत राहिले: अटी व शर्ती. कंत्राटदारानं काय करायचं, काय करायचं नाही, केलं तर काय आणि नाही केलं तर काय. ते वाचणारा माणूस जिल्ह्यात एकच, खुद्द टाइप करणारा. कंत्राटदार सही करून मोकळे होत. याचं साहेबांना फार वाईट वाटायचं. निवृत्तीनंतर ते बौद्धाचार्य झाले, लग्नं लावू लागले, तेव्हा त्यांनी मनाशी ठरवलं असावं की आता तरी सही करणाऱ्याला काय कबूल केलं ते कळल्याशिवाय सोडायचं नाही.

आता लग्नात वधूवरांना प्रतिज्ञा असतात. नवरदेवाच्या पाच, नवरीच्या पाच. दुसरे बौद्धाचार्य म्हणतात, नवरदेव मागोमाग म्हणतो, फुलं पडतात, लोक पंगतीकडे धावतात. आमचे साहेब एक प्रतिज्ञा सांगायचे आणि थांबायचे. चष्मा कपाळावर चढवायचे.

"काय म्हटलं तुम्ही आता?"

नवरदेव गडबडायचा. "तुम्ही म्हटलं तेच म्हटलं जी."

"ते झालं. त्याचा अर्थ काय?"

मग समोरच्या बायका पदर तोंडाला लावायच्या आणि नवरदेवाचे दोस्त एकमेकांच्या मागे लपायचे. साहेब मात्र शांतपणे समजावून सांगत. "हे पहा, अट वेगळी अन् शर्त वेगळी. पोरगा शिकलेला पायजे, पोरगी रंगानं अशी पायजे, हे सगळ्या अटी. सोयरीक जुळली का अट संपली. शर्त मांडवात सुरू होते. अट एकदा पुरी करा लागते, शर्त रोज पाळा लागते. म्हणून लोक अटीवर भांडतात अन् शर्त आयकतच नाही. समजलं?"

"समजलं जी."

"मग सांगा."

त्यांच्या लग्नात जेवण गरम मिळालं असा माणूस मला अजून भेटायचा आहे. बुंदी तेवढी थंडच बरी, म्हणून ती वाचायची. एकदा एका वरबापानं माझ्या कानाशी येऊन म्हटलं, "बंडूभाऊ, माइकची वायर काढा ना थोडीशी." मी काढली. साहेब माइकशिवायही तेवढ्याच मोठ्यानं बोलत राहिले, उलट मागच्या लोकांना ऐकू येत नाही म्हणून दुसऱ्यांदा पहिल्यापासून सांगितलं. तेव्हापासून मी वायरीला हात लावला नाही.

यात सगळ्यात मोठा घाट म्हणजे चौथी शर्त. नवऱ्यानं घरचा कारभार बायकोच्या हाती सोपवायचा. साहेबांचा जीव या चौथीत होता. पहिल्या तिन्ही सांगताना ते उभे असायचे, चौथीला खुर्ची मागवून घ्यायचे. "सोपवणे म्हणजे काय? चार भांडे देऊन मोकळं होणं नाही. सोपवणे म्हणजे निर्णय देणे. निर्णय देणे म्हणजे तिचा निर्णय तुम्हाला पटला नाही तरी चालवून घेणे." बायका टाळ्या वाजवायच्या. आणि टाळ्या न वाजवणारी एकच बाई मांडवात असायची. ती म्हणजे साहेबांची बायको, सुमनकाकू. ती पाणी प्यायला उठून जायची.

कारण घरी काय चाललंय ते तिला माहीत आणि शेजारी म्हणून मला माहीत.

साहेबांच्या घरी चौदा एप्रिलची जयंती झाल्याशिवाय कुलर लागत नसे. वर्ध्याचा उन्हाळा काही जयंतीची वाट पाहत नाही, तो मार्चातच येऊन ओट्यावर बसतो. काकू म्हणायची, "अवो, जीव चालला माहा." साहेब म्हणायचे, "मुदतीपूर्वी काम सुरू करता येत नाही." भाजी कोणती आणायची ते साहेब ठरवत. पंखा किती नंबरवर फिरवायचा ते साहेब ठरवत. दारावर बोरगावची एक माळीण भाजी घेऊन यायची, तिलाही त्यांनी सोडलं नाही. "वांगं किडकं निघाल्यास बदलून द्यायची शर्त राहील, आणि निघालेलं किडकं वांगं तुम्ही समक्ष येऊन पाहाल." ती बाई टोपलं डोक्यावर घेत म्हणाली, "साहेब, वांगं होय ते, पूल नाई." काकू त्या दिवशी दिवसभर हसत होती.

त्यांच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका तर मीच छापून आणली होती. खाली बारीक अक्षरात छापलं होतं, 'अपरिहार्य कारणास्तव भोजनाच्या पदार्थांत बदल करण्याचा अधिकार आयोजकांनी राखून ठेवला आहे.' तरी बरं, 'निवडीबाबत वरपक्षाची तक्रार विचारात घेतली जाणार नाही' हे वाक्य काकूनं प्रेसवाल्याला फोन करून उडवलं. नाहीतर व्याही परत गेले असते. पोरगी लग्न होऊन पुण्याला गेली आणि घरात उरले दोघं. साहेब सांगायला आणि काकू ऐकायला.

माणूस वाईट नव्हता हो. हे मला आधीच सांगितलं पाहिजे, नाहीतर तुम्ही भलतंच समजाल. रात्री-बेरात्री कोणाच्या घरी दुःख झालं तर पहिली सायकल साहेबांची. लग्न लावायचे पण दक्षिणा म्हणून रुपया घेत नसत. कोणाला पेन दिला तर टोपण स्वतःजवळ ठेवत, म्हणजे पेन परत येतो, पण दिल्याशिवाय राहत नसत. खोटं त्यांना बोलताच येत नसे, अगदी सोयीचं सुद्धा. मला तोंडावर म्हणाले होते, "बंडू, तुझा डावा बॉक्स फाटका वाजतो." मी म्हटलं, जुना झाला साहेब. तर म्हणाले, "जुना म्हणजे फाटका नाही." राग आला, पण बॉक्स खरंच फाटका वाजत होता.

तर झालं असं, की घराला रंग द्यायचं निघालं. काकूच्या मनात फिका गुलाबी होता. बऱ्याच वर्षांपासून होता. ती आमच्या सौभाग्यवतीला म्हणायची, "बाई, मले गुलाबी घर पायजे. सकाळी ऊन पडलं का कसं दिसन!" साहेबांनी रीतसर विचारलं. म्हणजे जेवताना जाहीर केलं की रंगाबाबत हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत. काकूनं सूचना दिली. साहेबांनी ती मान हलवून ऐकून घेतली आणि दुसऱ्या दिवशी पेंटरला पिवळट क्रीम सांगितला, सरकारी इमारतीला असतो तो. म्हणे, मळत नाही.

पेंटरनं डबा उघडला. काकू बाहेर आली. डब्यात पाहिलं, साहेबांकडे पाहिलं. मी तेव्हा गाडीत बॉक्स चढवत होतो, सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. तशीच वळली बाई. आत गेली, थैली भरली, चपला घातल्या आणि फाटकाशी येऊन म्हणाली, "मी गिरडले चालली, भावाकडं. तुमी बसा तुमच्या हापिसात." आणि ऑटोत बसून निघून गेली.

साहेबांना वाटलं, येईल दोन दिवसांत. आली नाही. पेंटर एक भिंत क्रीम करून थांबला, कारण साहेबांनीच काम स्थगित केलं. घर अर्धं जुनं, अर्धं क्रीम. साहेब स्वतः पोहे करायला लागले. पोहे भिजवायचे असतात हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, कोरडेच परतले. शेवटी करपलेली कढई खरडायला आमच्याकडे आली.

फोन करायचे रोज. मी शेजारी बसलेला असायचो. तिकडून "हॅलो" आलं की साहेब खाकरून म्हणायचे, "उभयपक्षी चर्चेअंती..." आणि फोन कट. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, साहेब, आधी जेवली का ते विचारा. तर त्यांनी विचारलं, "भोजन झालं का?" काकू म्हणाली, "झालं." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खुणेनं म्हटलं, बोला आता गोड. साहेब म्हणाले, "तर परत येण्याबाबत तुझ्या शर्ती काय आहेत त्या क्रमवार सांग." कट.

मला खरंच चीड आली. मी म्हटलं, "साहेब, ते बायको आहे का ठेकेदार?"

त्या दिवशी पहिल्यांदा मला त्यांचा चेहरा उतरलेला दिसला. हळूच म्हणाले, "बंडू, पुण्याहून पोरीचा फोन आला होता. सुमनच्या भावाच्या पोरीचं लग्न आहे ना गिरडले, त्याला ती येऊन राहिली. जाताना आईले पुण्याला घेऊन जातो म्हणते. कायमची." मग म्हणाले, "ते लग्न मलाच लावायचं आहे. आधी शब्द दिला आहे."

म्हणजे बघा. बायको रुसून ज्या घरी बसलीय त्याच घरच्या मांडवात जाऊन, सगळ्या सोयऱ्यांसमोर, बायकोसमोर, नवऱ्यानं बायकोशी कसं वागावं ते शिकवायचं. आणि त्याच संध्याकाळी ती पुण्याला जाणार. मी असतो तर ताप आला म्हणून सांगितलं असतं. पण खोटं बोलता येत नाही म्हटल्यावर तापही येत नाही.

लग्नाच्या दिवशी माझ्याच पिकअपमध्ये पुढे बसून आले. मागे बॉक्स, भोंगे, वायरी. साहेबांनी पांढरा शर्ट कडक इस्त्री करून घातला होता, पण बटण एक घर चुकून लावलं होतं. हिंगणघाटापर्यंत मी सांगितलं नाही. मग दया आली, सांगितलं. ते म्हणाले, "ते सुमन पाहत असते."

गिरडला पोचलो तर टेकडीखाली मांडव पडला होता, बायका पांढऱ्या साड्या नेसून येत होत्या. काकूच्या भावानं "जयभीम भाऊजी" म्हणून हात जोडले, पण डोळे दुसरीकडे. काकू पहिल्याच रांगेत बसलेली. तिच्या शेजारी पुण्याची पोरगी. आणि पोरीच्या पायाशी दोन बॅगा भरून ठेवलेल्या. त्यातली एक काकूची, ती मी ओळखली.

वंदना झाली. त्रिशरण, पंचशील झालं. साहेबांचा आवाज थोडा कोरडा होता, पण चालला होता. नवरदेव हिंगणघाटाकडचा, कापसाच्या जिनिंगमध्ये मशीन सांभाळणारा, सरळ पोट्टा. प्रत्येक शर्तीचा अर्थ विचारला की बिचारा नीट सांगत होता. पहिली झाली, दुसरी झाली, तिसरी झाली. चौथी आली. साहेबांनी खुर्ची मागवली नाही. उभ्यानंच म्हटली, भराभरा म्हटली, अर्थसुद्धा विचारला नाही. मी माइकजवळ होतो, मला वाटलं, सुटलो बाप्पा.

पण पाचवी झाल्यावर शेवटी एक ठरलेलं वाक्य असायचं त्यांचं, "काही शंका?" जन्मभर त्यांनी हे विचारलं आणि जन्मभर कोणी शंका काढली नाही, कारण लोकांना भुका लागलेल्या असायच्या. सवयीनं तेही निघून गेलं तोंडातून.

आणि या पोट्ट्यानं हात वर केला.

"साहेब, एक विचारू? रागावू नका. हा चौथीतला कारभार सोपवायचा म्हणजे नेमका कसा सोपवायचा असते? मतलब, सुरुवात कायपासून करा लागते? तुमी तुमच्या घरी कशी केली?"

त्याच्या मनात काहीच नव्हतं हो. त्याला माहीतही नव्हतं. पण मांडवात अर्ध्या लोकांना माहीत होतं. काकूच्या भावानं कपाळाला हात लावला. कोणीतरी मागे फिस्सकन हसलं आणि थांबलं. बॉक्समधून नुसता घुर्र आवाज येत होता. डावा बॉक्स. मला त्याला लाथ घालावीशी वाटली.

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. मग उतरवला. मग हातात घेतला. आणि माइकमध्ये म्हणाले,

"मी नाही सोपवला."

मग ते पोट्ट्याकडे वळले.

"लग्नात ही शर्त मी स्वतः म्हटली होती. तेव्हा मले वाटलं, मागोमाग म्हणायचं असते. नंतर हजारदा लोकांले समजावून सांगितली. समजावून सांगितली म्हणजे पाळली, असं मी धरून चाललो. ते चूक आहे." त्यांचा आवाज फाटला. "कशी सोपवायची ते मले माहीत नाही बेटा. तुझ्या आतेसासूले विचार. ते इथंच आहे."

सगळा मांडव काकूकडे वळला. पोरगी आईचा हात धरून बसली होती. काकूचे डोळे भरले होते, पण बाई रडणारी नव्हती. उठली. सरळ माइकपाशी आली, साहेबांकडे न पाहता पोट्ट्याला म्हणाली, "काही कठीण नाई बापा. फोन द्याचा."

"फोन?"

"तुहा नाई." आणि तिनं साहेबांपुढे हात केला. "पेंटरले लावा."

साहेबांनी खिशातून फोन काढला. दोनदा चुकीचा नंबर लागला, त्यात एकदा गॅसवाल्याला. तिसऱ्यांदा पेंटर सापडला. साहेब त्याला म्हणाले, "बाई बोलून राहिल्या. त्या म्हणतील तसं." एवढं म्हणून फोन काकूच्या हातात दिला. माइक चालूच होता, त्यामुळे आख्ख्या गिरडनं ऐकलं.

"हा, सुमनबाई बोलतो. गुलाबी. हो, फिका. आधीचा क्रीम खरडून काढजो. नाई, साहेबाले विचारायचं नाई. मी आजच घरी येतो, उद्या माह्यासमोर डबा उघडजो."

फुलं पडायला लागली तेव्हा कोणी म्हटलं नव्हतं टाका म्हणून. लोकांनी अशीच टाकली. नवरीनंही हसत हसत आपल्या पाच प्रतिज्ञा म्हटल्या, आणि साहेबांनी एकीचाही अर्थ विचारला नाही. त्या दिवशी मी त्यांनी लावलेल्या लग्नात पहिल्यांदा गरम वरण-भात जेवलो.

जेवण झाल्यावर पुण्याच्या पोरीनं दोन्ही बॅगा उचलल्या. एक आपल्या खांद्याला लावली आणि दुसरी आणून माझ्या गाडीशी ठेवली. बापाच्या शर्टावरच्या पाकळ्या झटकल्या आणि गेली.

साहेब बायकोजवळ आले. हात मागे बांधलेले. खाकरले. मला वाटलं, आता पुन्हा उभयपक्षी सुरू होते. पण त्यांनी विचारलं, "सुमन, अजून काही शर्त?"

काकू म्हणाली, "शर्त-बिर्त काई नाई. शर्त सांगितली का तुमी तिचा अर्थ करत बसान." मग माझ्या पिकअपकडे पाहिलं. पुढे ड्रायव्हरची एक सीट आणि शेजारी एक. येताना त्या सीटवर साहेब बसून आले होते.

"मी पुढं बसतो," काकू म्हणाली. "तुमी मांगं बसा."

"मागे बॉक्स आहेत."

"हो. बॉक्सापाशी बसा."

साहेबांनी तोंड उघडलं. मोटार वाहन कायद्याचं काहीतरी नक्कीच येणार होतं, मला त्यांच्या ओठांवर दिसत होतं. मग त्यांनी तोंड मिटलं, काकूची बॅग उचलली, टायरवर पाय ठेवला आणि मागे चढले.

त्यानंतरही साहेब माझ्या शेजारी बरीच वर्षं राहिले, गुलाबी घरात. शेवटी आजारी पडले तेही मी पाहिलं. पण साहेब म्हटलं की मला आठवतात ते तसे नाही. समुद्रपूरच्या रस्त्याला लागलो, काकू शेजारी बसून खिडकीची काच वर-खाली करून पाहत होती, आणि मी आरशात मागे पाहिलं. दोन बॉक्सच्या मधे थूल साहेब मांडी घालून बसले होते. डोक्याला दुपट्टा बांधलेला, मांडीवर बायकोची बॅग दोन्ही हातांनी गच्च धरलेली. प्रत्येक खड्ड्याला ते फूटभर उडत होते, आणि प्रत्येक वेळी खाली आपटले की हसत होते.